डोळ्यांतला लाल

२०२२ साली, दिवाळीच्या आधी, बारामतीच्या एका कॉलेजात केशवरावांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. वडगाव निंबाळकरला जन्मभर चित्रकला शिकवून ते आदल्या साली वारले होते.

दारात एक पोरगी बायकांना हळदीकुंकू लावत होती. त्यांची बायको पद्मा समोर आली, तशी पोरीनं ओशाळून तबक मागं घेतलं.

"राहू दे गं. माझी डबी कवाच रिकामी झाली," पद्मा म्हणाली आणि आत गेली. केशवरावांच्या लाल डोळ्यांच्या चित्रावर 'आत्मचित्र' अशी पाटी दिसली आणि तिचं टाळकंच फिरलं.

"ती पाटी काढ आधी!"

"आई, हळू बोल," आसावरी, तिची लेक, म्हणाली. माळ्यावर फडक्यात गुंडाळलेलं ते चित्र तिलाच सापडलं होतं. सही नव्हती. आईला न विचारताच तिनं ते कॉलेजला देऊन टाकलं होतं. आता ते त्याच पाटीखाली कायमचं लागणार होतं.

समीक्षक दिग्विजय सर माइकवर बोलत होते. "हे डोळे पाहा. कलावंत स्वतःवरच चिडलाय."

"सवतावर? जन्मात कधी न्हाय," पद्मा पुटपुटली.

"आणि हात दाखवलेच नाहीत. केवढी हतबलता! हा लाल तर बाजारात मिळणारच नाही. हा काळजातून येतो."

हात! केशवरावांच्या त्या हातांसाठी पद्मानं संसारभर रंग कालवले, ब्रश धुतले. एकदाच, उरलेल्या रंगात, तिनं कागदावर दारची तुळस काढली होती. त्या हातांनी कागद चुलीत घातला. गालावर पाची बोटं उठली. "बाईच्या हाताला पीठ शोभतं," ते म्हणाले होते.

"बाबा रागीट होते हे कळू दे की लोकांना," आसावरी कुजबुजली. "लाजतेस कशाला?"

"लाजतीय कोण? त्यांच्या नावावर अजून किती घालशील?"

तेवढ्यात सरांनी पद्माच्या खांद्यावर शाल टाकली. "भाग्यवान आहात. असा माणूस लाभला!"

टाळ्या पडल्या. पाटी राहिली.

केशवराव दालनात कायमचे टांगले गेले. दिग्विजय सरांनी त्या लाल रंगावर पुस्तक लिहिलं, बक्षीस मिळवलं. आसावरी बारामतीत थोर चित्रकाराची लेक म्हणून मिरवू लागली. पद्मा इंदापूरला बहिणीकडं राहायला गेली.

परवा आसावरीचा फोन आला. "आई, सर विचारतायत, बाबांचं अजून एखादं आत्मचित्र कुठं सापडतंय का?"

"सापडंल की," पद्मा म्हणाली. फोन ठेवून तिनं बाजारातनं आणलेली कुंकवाची नवी डबी उघडली आणि ब्रश ओला केला.