मध्यपद

विहिरीवरची नवी पाटी यशोधरेनं मोठ्यानं वाचली. "टँकरचे पाणी फक्त गावातील लोकांसाठी."

"बाहेरगावचे लोक गाड्या जुंपून येऊन राह्यले, त्याच्यासाठी लावली ते," काठावर बसलेले सरपंच पंजाबराव म्हणाले. "तू कायले वाचून राह्यली?"

त्र्याहत्तरच्या दुष्काळातला वैशाख होता. यशोधरा कारंज्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, आणि तर्कशास्त्र तिचा आवडता विषय. तिनं रिकामी घागर खाली ठेवली. थोरली बहीण चंपा कालच बाळंत झाली होती. गावाबाहेरच्या त्यांच्या बौद्धवस्तीच्या झिऱ्यातून आता नुसता चिखल निघत होता.

"काकाजी, गावातल्या समद्यायले पाणी हाय. आमी गावातले हाओत. म्हणून आमाले पाणी हाय." तिचा आवाज कापत नव्हता. "पहिल्या दोन गोष्टी खऱ्या असल्या, की तिसरी टळत नाही."

पाणी ओढणाऱ्या बाया थांबल्या. पंजाबराव रागावले नाहीत. त्यांनी तिच्या मागं उभ्या असलेल्या आईला हाक मारली.

"भागिरथे, सकाळी कुठं गेलती व?"

आई पदर सावरत पुढं आली. "गावात गेलती जी. मीठ आणाले."

"अन् काल?"

"कालबी गावातच. सुईणीले बलवाले."

"आयकलं काय, पोरी?" पंजाबराव म्हणाले. "गावातला मानूस गावात जाते काय?"

बाया खळखळून हसल्या. रहाट पुन्हा कुरकुरू लागला.

ही चूक यशोधरेला पाठ होती. सरांनी फळ्यावर उदाहरण लिहून दिलं होतं: पान झाडाला येतं, हे वहीचं पान आहे, म्हणून हेही झाडाला येतं. दोन विधानांना जोडणारं मध्यपद एकच हवं. शब्द एक आणि अर्थ दोन झाले, की सगळं कोसळतं. तेव्हा वर्गही असाच हसला होता, आणि सगळ्यांत जास्त ती.

पंजाबरावांची चूक तिला दिसत होती. दाखवायची कुणाला, ते दिसत नव्हतं. तिनं रिकामीच घागर उचलली.

पांदणीनं परतताना आईनं हळूच विचारलं, "मी खरंच बोलली नं व?"

"खरंच बोलली, माय."

झोपडीत चंपा डोळे मिटून पडली होती. ओठांवर पापुद्रे धरले होते. पावलं ऐकून तिनं मान वळवली.

"कुठं गेलत्या व इतक्या उनाच्या?"

यशोधरेनं तोंड उघडलं. 'गावात' सोडून दुसरा शब्द तिला सापडेना.