फ्रिजवरचं कार्ड

उद्या मुलीच्या प्रीस्कूलच्या पालक समितीची चेअर होण्यासाठी माझा इंटरव्ह्यू होता. नवरा तयारी करून घेत होता. "व्हाय यू?" मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं: लीडरशिप, टीमवर्क, प्लॅनिंग. "हे ऑफिसचं झालं. इथे तूच का?" मी फ्रिजवरचं कार्ड काढलं. नागपूरहून कॅल्गरीला आलो तेव्हा आमच्या केयाला इंग्रजीचा गंध नव्हता. पहिल्याच दिवशी आधीच्या चेअर हेलननी मला बसवून केयाचे शब्द इंग्रजी अक्षरांत त्यावर लिहून घेतले: शू, पाणी, भूक, आई केव्हा येणार. रोज कार्ड बघत त्या तिच्याशी मोडकंतोडकं मराठी बोलल्या. आठवड्यात केयाचं रडणं थांबलं आणि पुढे ते कार्ड आमच्या फ्रिजवर आलं. मला तेव्हा थँक यू म्हणायचंही सुचलं नव्हतं. मी कार्ड उलटलं. मागची बाजू कोरी होती. "सोमवारी युक्रेनचा मुलगा येतोय," मी म्हणाले. "त्याच्या आईला विचारायचंय, तो शूला काय म्हणतो."