सावलीतली जागा

“माणसं नकोत, जुनी घरं तेवढी काढा,” पुण्याच्या कॅम्पातल्या गल्लीत शिरतानाच सरांनी बजावलं. अभ्यासदौऱ्यावर आलेल्या आर्किटेक्चरच्या पोरांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. उदगीरची कावेरीही एका दगडी घरासमोर वही उघडून भर उन्हात उभी राहिली.

घराच्या ओट्यावर गजरे ओवणारी तेलुगू बाई, लेस शिवणारी बोहरी चाची आणि पेपर वाचणारे ख्रिस्ती आजोबा बसले होते. सावली सरकली की तिघंही तिच्याबरोबर सरकायचे. गप्पा तुटायच्या नाहीत, की कुणी उन्हात राहायचं नाही.

“ए पोरी, चक्कर येईल की! बस इथं,” गजरेवाली ओरडली. तिघं पुन्हा सरकले आणि कावेरी त्यांच्यात मावली.

संध्याकाळी तिचं चित्र बघून सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “ओटा रिकामा हवा होता!” त्यांनी खोडरबर पुढे केलं. “आणि ही चौथी कोण?”

“मी.” कावेरीनं हात पाठीमागेच ठेवले. “खोडायचंच असेल तर तुम्ही खोडा, सर. सुरुवात माझ्यापासून करा.”