हाताला वळण

"सबनीस, ही पानं परत पाठवतेय, पैसे मिळणार नाहीत," संपादक वैशंपायनबाई फोनवर कडाडल्या. "इतकी सुबक रेघ? वाचकांना वाटेल, कॉमिक यंत्रानंच काढलंय. आम्ही पैसे देतो ते माणसाच्या चुकांचे!"

सबनीसांनी कपाळावर हात मारला. जन्मभर घासून उजवा हात तयार केला, तेव्हा यंत्रं आली आणि सुबकपणाला कुत्रं विचारेना. म्हणून गेल्या दिवाळीपासून ते डाव्या हातानं चित्रं काढत होते. नायकाचं नाक वाकडं येई, घोडा गाढवासारखा दिसे आणि घरखर्च झोकात चाले.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"सत्यानाश!" ते डाव्या हाताकडे बघत म्हणाले. "लेकाचा हाही शिकला!"

बायकोनं शांतपणे कागद आणि शाईची बाटली जमिनीवर ठेवली.

"पायातले मोजे काढा," ती म्हणाली.