बांधायचं राहिलेलं

बांधायचं राहिलेलं : दोन पराती, सतरंजी, आमटीची बादली, आबा.

यादी सोनियानं भिंतीला चिकटवली होती. शेवटचा शब्द तिच्या नवऱ्यानं, तानाजीनं, चेष्टेत वाढवला. निरोपाच्या जेवणाला आलेली पाटणची माणसं तो वाचून हसली. आबा, म्हणजे तानाजीचे वडील नानासो, हसले नाहीत. त्यांनी सुनेच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं.

"तुमी दोघं बसा. मी वाढतो."

"आवं आबा, जेवण आमी ठेवलंय. तुमी बसा."

"घरातल्यानं वाढायचं. जाणाऱ्यानं बसायचं."

दोघं बसले. स्वतःच्याच घरात, पाहुण्यांच्या ओळीत.

दीड वाजला होता. टेम्पो चारला. सांगलीच्या फ्लॅटची किल्ली तानाजीच्या खिशात. आबांची पिशवी खुंटीला, रिकामी.

"आबा पण येत्यात आमच्यासंगं," तानाजी पंगतीला म्हणाला. मोठ्यानं. तिसऱ्यांदा.

शेजारचे म्हातारे याकूब जिलेबी मोडता मोडता थांबले. "व्हय का रं, नानासो?"

नानासोंनी त्यांच्या भातावर आमटी ओतली. "पुरं म्हण."

"पुरं."

"बघा. याकूबला आमटीचं इचारत्यात. मला अजून कुणी कशाचंच इचारल्यालं न्हाई."



बादलीतल्या आमटीवर एक गोल उठला.

मग दुसरा.

मग जमीन

गुरगुरली. उष्ट्या हातांनी सगळी पंगत अंगणात. तीन-चार सेकंद. थांबलं.

"तीन रिश्टरच्या वर आसंल."

"ह्या! लय तर अडीच, गड्या."

सोनियानं माणसं मोजली. एक कमी.

तानाजी आत धावला. नानासो स्वयंपाकघरात होते, भिंतीवरच्या रिकाम्या मांडणीसमोर.

"आबा! भाईर या की!"

"वाजली न्हाई रं."

"काय?"

"मांडणी. धक्का आला की पयली हीच बोलती. आज गप."

"भांडी खोक्यात हायेत. वाजंल काय?" तानाजीचा आवाज चढला. "आन् इथं एकटं ऱ्हाऊन काय करणार? रातचं हाललं तर कोण उठवणार तुमास्नी?"

नानासो खाली बसले. एका खोक्याची सुतळी त्यांनी दातानं तोडली. तांब्या काढला. त्यावर फुलपात्र पालथं घातलं आणि मांडणीवर ठेवलं, अगदी काठाला. फळीवर टिचकी मारली.

किणकिणलं.

"चल," ओगराळं उचलत ते म्हणाले. "पंगत अर्धी ऱ्हायली."

चारला टेम्पो आला. पराती चढल्या. सतरंजी चढली. बादली धुऊन चढली. तानाजी पेन घेऊन यादीवर एकेक खोडत आला आणि शेवटच्या शब्दापाशी अडला. नानासो उंबऱ्यात उभे होते, आतल्या बाजूला.

"आबा," तानाजी म्हणाला. पेन खिशात घातलं. "येताय का?"

तेवढ्यात ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. अंगण थरथरलं. घरातून बारीक किणकिण सुरू झाली आणि थांबेना.

नानासोंनी मान तिरकी केली.

"ऐकलंस? मांडणी उठवंल मला."