शंभरातले चार

शाळा सुटल्याची घंटा झाली आणि पोरांच्या मनगटावरचे पट्टे उजळले. निळे पट्टे बुद्धिबळाला, हिरवे चित्रकलेला, लाल लेझीमला. रक्ताच्या एका थेंबावरून कोणाला काय जमणार, हे पट्ट्याला आधीच कळलेलं असायचं. तिसरीतल्या हर्षालीचा पट्टा पिवळा, म्हणजे गणित. ती निमूट माडीवरच्या वर्गात गेली आणि दोनच मिनिटांत खाली येऊन लेझीमच्या रांगेत उभी राहिली.

"अगं, तुझी जागा वर आहे," जाळावर हलगी तापवत पाचर्णे सर म्हणाले. "लेझीममध्ये तुला शंभरातले चार दिलेत पट्ट्याने. तुझे पाय तालात पडायचेच नाहीत."

"चार तर आहेत ना, सर? मग तेवढे तरी वापरू द्या की!"

"आणि पट्ट्याने बोंब मारली म्हणजे?"

"तो बसलाय गणिताला." तिने रिकामं मनगट दाखवलं. वरच्या खिडकीच्या गजाला पिवळा पट्टा लटकत होता, आणि भिंतीवरच्या फलकावर तिच्या नावापुढे उमटलं होतं: हजर, एकाग्रता उत्तम.

सरांना हसू आवरेना. त्यांनी हलगीवर ताल धरला. हर्षालीचं पहिलं पाऊल चुकलं, दुसरंही चुकलं. रांग फिदीफिदी हसली. हर्षाली मागे हटली नाही. तिने तिसरं पाऊल आपटलं.

वीस वर्षं सर वाजवत आले होते आणि पोरं त्या तालावर पाय टाकत आली होती. आज त्यांनी हात आवरला, तिच्या पायांकडे बघितलं आणि तिचा पाय पडला तिथे थाप दिली.

"आजपासून ताल हाच," ते रांगेवर गरजले. "उचला लेझीम!"