बाल्कनीखालचं तोंड

मी थापाडी म्हातारी, ठाऊक आहे सगळ्यांना. पण हे ऐकाच.

आमच्या नोतो गावात मार्कीसचा, म्हणजे इथल्या सरदाराचा, महाल आहे. त्याच्या बाल्कनीखाली दगडी चेहरे कोरलेत, सगळे तोंड वासून बसलेले.

समोरच्या घरातल्या क्रोचिफिसाचा मुलगा तानो मासेमारीला गेला, तो परत आलाच नाही. तरी ती सुतकाचे काळे कपडे घालेना. "समुद्राने सांगावं, मग घालीन," म्हणायची.

मृतांच्या सणाला आमच्याकडे घरातली गेलेली माणसं पोरांसाठी साखरेच्या बाहुल्या ठेवून जातात. म्हणजे ठेवतो आम्हीच. क्रोचिफिसाने नातीसाठी ठेवली नाही. म्हणाली, "माझा तानो मेलाय थोडाच?"

सकाळी तिची नात आगातीना बाहुली नाचवत आली.

"आजी, बाबांनी दिली!"

क्रोचिफिसा दचकली. "कुठे गं?"

"त्या दगडाच्या तोंडातून पडली."

मी हसले. "अगं सटवे, माझ्यापेक्षा मोठ्या थापा मारतेस!"

मग वर पाहिलं. बाकीचे चेहरे तसेच होते. त्या एकाचं तोंड मिटलेलं होतं.

क्रोचिफिसाने बाहुली जिभेला लावली. ती खारट होती.

"नून्त्सिया," ती मला हळूच म्हणाली, "तुझी काळी शाल दे गं."